नवं फोटोला, जुनं मातीला

मित्रांनो, मी एक जुनं निळं हेल्मेट आहे. स्टुटगार्टमधल्या एका घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या कोठीत, हिवाळी टायरांच्या शेजारी राहतो. स्वभावाने मत्सरी आहे. आधीच सांगून ठेवतो, मागाहून मला बोल लावू नका.

कारखान्यात मला वर कडक कवच मिळालं आणि आत जाड फोम. दोन हजार दहा साली रोहिणीने मला विकत घेतलं. रोहिणी नागपूरची, इथे गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारी इंजिनियर. ऑफिसातल्या कुणीतरी तिला एका रविवारी स्टॉक कार रेस दाखवायला नेलं आणि बाई तिथेच अडकली! जुन्या गाड्यांच्या काचा काढायच्या, दारं वेल्ड करून टाकायची, आत लोखंडी पाइपांचा सांगाडा बसवायचा आणि ओल्या मातीच्या रिंगणात एकमेकांना धडका देत पळायचं, असा तो खेळ. ड्रायव्हरने खिडकीतूनच आत शिरायचं.

रोहिणीने गाडी निळी रंगवली आणि तिच्यावर चौदा नंबर घातला. चौदा एप्रिलला जिच्या घरी दिवाळी, ती दुसरा कुठला नंबर घेणार? पहिल्या वर्षी ती शेवटून पहिली यायची. पुढे धडका चुकवायला शिकली, मग द्यायलाही शिकली. भोंग्यावरून "रोहिणी आउस इंडियेन!", म्हणजे भारताची रोहिणी, अशी आरोळी उठली की मी तिच्या डोक्यावर फुगून बसायचो. तिचा घाम, तिच्या शिव्या, तिचं हसू, सगळं माझ्या एकट्याचं होतं.

दोन हजार तेरामध्ये एकाने तिला बाजूने ठोकलं. गाडीने कोलांट्या खाल्ल्या आणि तिची डावी कानशिलाची बाजू पाइपावर आदळली. तो घाव मी घेतला. तिच्या डोक्याला टेंगूळसुद्धा आलं नाही, माझा फोम मात्र आतून चेपला. मित्रांनो, आमच्या जातीचा नियम कडक आहे. एकदा मोठा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून कितीही ठाकठीक दिसो, पुन्हा डोक्यावर चढत नाही. दुसरा घाव त्याला पेलत नाही. रोहिणीला मला टाकवेना. तिने मला केलरमधल्या फळीवर ठेवलं आणि नागपूरला सासूबाईंना फोनवर सांगितलं, "काही नाही हो आई, थोडं खरचटलं."

मग ते नवं हेल्मेट आलं. लाल, चकचकीत, मेलं! त्याला फ्लॅनेलची पिशवी, मला धूळ. पुढच्याच वर्षी रोहिणीने चषक जिंकला. मार खाल्ला मी, मिरवलं त्याने. माझा नुसता जळफळाट झाला. आणखी एक वर्ष ती पळाली, पण मान दुखायला लागली तेव्हा तिने रेस सोडली आणि रिंगणाच्या कडेला झेंडा दाखवायचं काम घेतलं. मला वाटलं, चला, आता दोघं सारखेच! कसले सारखे? लाल साहेब पिशवीत झोपलेले आणि मी तसाच उघडा.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात रोहिणीच्या सासूबाई, मीराबाई, नागपूरहून राहायला आल्या. त्यांची मुलगी क्रांती इथेच शिकत होती. "वहिनी, एकदा तरी मला पळू दे," असा तिने हट्टच धरला. रोहिणीने तिला महिनाभर शिकवलं. रेसच्या सकाळी लाल हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि ती झेंड्याच्या कामासाठी पुढे गेली.

मीराबाईंनी लाल हेल्मेटवरून हात फिरवला. "अगं बाई, एवढं नवंकोरं दिसतंय, ते मातीत घालणार? खाली ते निळं आहे ना, ते घे. मातीला जुनंच बरं. हे फोटोला घाल." त्यांनी मला पुसून वर आणलं आणि लाल हेल्मेट पिशवीसकट मांडीवर घेऊन मोटारीत बसल्या.

काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं! क्रांतीने मला डोक्यावर चढवलं, खिडकीतून आत शिरली, पट्टे आवळले. लाल प्रेक्षकांत आणि मी रिंगणात! जळ म्हटलं, आता तू जळ.

तेवढ्यात इंजिन गुरगुरलं आणि क्रांतीचं डावं कानशील माझ्या चेपलेल्या फोमला टेकलं. कोवळं, गरम कानशील होतं ते. माझी सगळी मस्ती उतरली. ओरडावं तर तोंड नाही, गळून पडावं तर पट्टा घट्ट. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, त्या लाल्याला आणा रे कुणीतरी!

रोहिणी हिरवा झेंडा घेऊन उभी होती. तिची नजर माझ्यावर गेली आणि तिने हिरवा टाकून लाल झेंडा उचलला. धावत आली. "हे कुणी दिलं तुला?"

"आईने. नवं खराब होईल म्हणाली."

मीराबाई कठड्याशी आल्या. "अगं, चांगलं तर आहे!"

"आई, ते आतून मेलंय. त्या वर्षी खरचटलं नव्हतं, गाडी उलटली होती. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं."

मीराबाईंनी पिशवी पुढे केली. रोहिणीने चाकूने माझा पट्टा कापला, पुन्हा कुणी घालू नये म्हणून. मला दुखलं. खूप दुखलं.

तिसऱ्या फेरीत क्रांतीला धडक बसली आणि गाडी कुशीवर आपटली. रिंगणात सगळं थांबलं. मग खिडकीतून दोन हात वर आले आणि मागून तिचं लाल डोकं. हेल्मेटची डावी बाजू उभी तडकली होती. मीराबाई चिखलातून पळत सुटल्या.

"आई गं, नवं खराब झालं," क्रांती म्हणाली.

"आग लागो त्या नव्याला!" मीराबाईंनी ते हेल्मेट उपटून फेकलं आणि लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरून रडायला लागल्या.

आता लाल हेल्मेटही माझ्या शेजारी फळीवर आहे, पट्टा कापलेलं. मला त्याचा अजून हेवा वाटतो. क्रांतीला त्याने वाचवलं, मी नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही चांगल्या वस्तू कपाटात जपून ठेवलेल्या असतील. त्या काढा, वापरा, खराब होऊ द्या. वस्तू पुन्हा मिळतात हो.

डोकं जपा.