देवीच्या निऱ्या

"अक्का, उद्या पहाटे याल ना? स्वल्प मागच्या दारानं या," शेजारची कल्पना म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तुळशीची वाळकी पानं खुडत राहिली.

मी सरी म्हटलं. इथल्या कानडीत स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं.

ऐंशी सालापासून, म्हणजे यंदा धरून सोळा वर्षं, श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या पूजेला तिच्या देवीला साडी मीच नेसवते. कलशाला आडवी काठी बांधायची, बारीक निऱ्या घालून रेशमी साडी बसवायची, वर चांदीचा मुखवटा. गल्लीत यात माझा हात धरणारं कोणी नाही. जयनगर चौथ्या ब्लॉकातल्या साडीच्या दुकानात बाहुल्यांना साड्या नेसवणं हीच माझी नोकरी. पण फाल्गुनात हे गेले, आणि यंदा कल्पना बोलावते की नाही याचीच धास्ती होती. बोलावलं, एवढ्यावरच मी खूश. मागचं तर मागचं, दार ते दार, असं मनाला समजावलं.

"अत्ते उठायच्या आत उरकू," पहाटे ती कुजबुजली. अत्ते म्हणजे तिच्या सासूबाई, कृष्णाबाई. सोवळ्याओवळ्याला भारी कडक. मी निऱ्या घालून दोऱ्यानं बांधल्या, पदर काढला, मुखवटा बसवला. मग सवयीनं हात कुंकवाच्या करंड्याकडे गेला. दर वर्षी देवीला पहिलं कुंकू मी लावायची, आणि मग कल्पना मला लावायची.

तिनं करंडा उचलून आपल्या मागे ठेवला.

"अक्का, रागावू नका."

"मी कुठं काय म्हणाले?"

खरंच काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं झालं. तेवढ्यात न्हाणीघरात तांब्या वाजला. "उठल्या!" कल्पना म्हणाली. निऱ्यांची दुसरी गाठ राहिलीच. मी चपला हातात घेऊन परसातून घरी आले.

दुकानात आप्पाजी मालकांनी काचेतल्या नवरीबाहुलीसाठी शालू काढून ठेवला होता. नेसवला. तिची टिकली पडली होती, तीही लावली. बाहुलीला माझा विटाळ होत नाही. "फस्ट क्लास, सकवारबाई," आप्पाजी म्हणाले.

संध्याकाळी कल्पना धापा टाकत माझ्या मागच्या दाराशी. "अक्का, निऱ्या सुटल्या. कुणाला जमत नाहीये. बायकांना मी गच्चीवर कॉफीला नेते, तेवढ्यात तुम्ही मागनं..."

"येते की. पुढच्या दारानं येते."

तिचे डोळे भरले. पोरगी वाईट नाही, तीच तर पंचाईत. "अत्तेंना काय सांगू?"

"सांग, सकवार आली."

"विचारून येते," म्हणून ती गेली.

मी साडी बदलली, केस विंचरले, चपला पुढच्या उंबऱ्यापाशी ठेवल्या आणि दार उघडं टाकून खुर्चीत बसले. खोटं कशाला बोलू, मला फार जायचं होतं. समोरून बायका जात-येत होत्या, कपाळं भरलेली, हातात नारळ नि विडा. दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं आणि भराभरा पुढे गेल्या.

पलीकडे आरती सुरू झाली. साडी कुणीतरी पिना टोचून बसवली असणार. टोचलं की रेशीम फाटतं, हे त्यांना कोण सांगणार.

आरती संपली. मी चपला आत आणल्या.