ओदिलो

जहागीरदारणीने वाल्दोमिरोची मान मागे ओढून बेसिनच्या खाचेत बसवली आणि त्याच्या केसांना काळा रंग थापायला घेतला.

“हलू नकोस, भवाने. कानाला लागला तर आठवडाभर काळे कान मिरवशील.”

वाल्दोमिरो हलला नाही. खाडीवरचं ऊन पाण्यावर आपटून सलूनच्या छतावर चढलं होतं आणि तिथे मासोळ्यांसारखं सावकाश पोहत होतं. पंखा फिरत होता. वारा येत नव्हता. सल्वादोर शहराच्या या टोकाला, रिबेरात, दुपारी सगळ्यांचं असंच चालतं. काम चालू असतं, परिणामाचा आग्रह कोणी धरत नाही.

जहागीरदारणीचं जन्मनाव क्लाउदिओनोर, पुरुषाचं. ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पुरुषांवर जीव लावून म्हाताऱ्या झालेल्या या मंडळीत एकमेकांना ‘अगं’च म्हणायची रीत होती, आणि सलूनची मालकीण म्हणून तिला जहागिरी आपोआप मिळाली होती. आज तिचा भाव वधारला होता. चार वाजता डॉक्टरीणबाई येणार होत्या, आणि परीक्षेला पांढऱ्या डोक्याने बसायचं नाही असं वाल्दोमिरोने ठरवलं होतं.

परीक्षा एका शब्दाची होती.

डॉक्टरीणबाई म्हणजे विद्यापीठातल्या जुसाराबाई. त्यांनी काही वर्षांपूर्वी या मंडळींच्या चोरबोलीचा कोश केला होता. बोली जुनी. काही शब्द ओरिशा या आफ्रिकेतल्या देवांच्या देवळांतून, ढोलांबरोबर समुद्र ओलांडून आलेले. काही तुरुंगात घडलेले. बाकीचे निव्वळ वात्रटपणातून. लष्कराच्या राजवटीत गल्लीच्या तोंडाशी गणवेश दिसला की कोणीतरी ‘अलिबान’ म्हणे, आणि क्षणात गल्लीत फक्त सभ्य माणसं उरत. म्हणजे कोणीच उरत नसे. पोलिसाला शब्द होता, पळण्याला होता, थापेला ‘एके’ होता. नकली केसांना तर दर्जाप्रमाणे वेगवेगळे होते. बाईंनी रेकॉर्डर पुढे करून विचारलं होतं, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला काय म्हणता? पुरुषाला शब्द पुष्कळ होते, पण सगळे कमरेखालचे. जीव असलेल्या माणसाला शब्द नव्हता. सवडच झाली नव्हती.

तेव्हा वाल्दोमिरो बोलला. कार्निव्हलचे पोशाख शिवून निवृत्त झालेला हा शिंपी मंडळात गरीब गाय म्हणून ओळखला जाई. तो म्हणाला, “ओदिलो. संध्याकाळच्या बोटीने परत जाणारा माणूस.”

शब्द इतका भारदस्त वाजला की सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू घराण्यात चालत आलेला. जहागीरदारीण तेवढी आपली नखं न्याहाळत बसली होती. यंत्रापुढे ती बोलत नसे. त्यात तोंड दिसत नाही, ही तिची तक्रार.

खाडीपलीकडे, प्लाताफोर्मात, ओदिलों नावाचा एक सुतार होता. होड्या दुरुस्त करायचा. बायको लेस विणायची, मुलं होती, रविवारी चर्च होतं. आठवड्यातून एखाद्या दुपारी तो बोटीने अलीकडे येई, सलूनवरच्या वाल्दोमिरोच्या खोलीचा जिना चढे आणि संध्याकाळच्या बोटीने परत जाई. या काठावर तुझं नाव घेणार नाही, असं वचन वाल्दोमिरोने त्याला दिलं होतं आणि पाळलं होतं. ओदिलों गेला तेव्हा पलीकडच्या घंटा अलीकडे ऐकू आल्या, आणि हा एका राणीच्या झग्याला मणी टाचत राहिला. थडगं पलीकडे, फुलं पलीकडे, रडायचा हक्कही पलीकडे. अलीकडे काहीच नव्हतं. म्हणून त्याने नावाचं शेपूट जरा छाटलं आणि नाव कोशात नेऊन ठेवलं. तिथे कोण शोधायला येतंय?

मग एक दिवस धक्क्यावर आइस्क्रीम खाताना त्याने ऐकलं. कठड्यावर बसलेला एक तरणा पोरगा दुसऱ्याला सांगत होता, माझा ओदिलो अजून आला नाही. सहज, मोठ्याने, अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असं. वाल्दोमिरो उभाच राहिला. आइस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत गेलं तरी त्याला पत्ता नव्हता. पलीकडच्या काठावर दिवे लागत होते आणि पाणी गालिच्यासारखं अंथरलेलं होतं. चालत गेलं असतं तरी चाललं असतं.

आता कोशाची नवी आवृत्ती निघणार होती, आणि बाईंच्या वरिष्ठांनी खुसपट काढलं होतं. माना डोलावणारे सगळे आता म्हणत होते, आम्ही वाल्दोमिरोकडूनच ऐकला. त्याआधी शब्द ऐकलेला दुसरा माणूस दाखवा, नाहीतर शब्द काढा.

बाई आल्या, घामाघूम. जहागीरदारणीने रंगलेलं डोकं टॉवेलात गुंडाळून वाल्दोमिरोला सरळ बसवलं आणि कंगवे धुवायला वळली. वाल्दोमिरोला बाईंपेक्षा तिचीच धास्ती होती. स्वतःची नसलेली थाप तिला खपत नसे. ती फक्त भुवई उचलून ‘एके’ म्हणे, आणि बोलणाऱ्याची बोलती बंद होई.

“काका,” बाई रेकॉर्डर टेबलावर ठेवत म्हणाल्या, “तुम्ही हा शब्द पहिल्यांदा कुणाकडून ऐकला?”

वाल्दोमिरोने तोंड उघडलं. एका उन्हाळ्यात, तो म्हणाला, एक बोट होती. बोटीवर माणसं होती. त्यापुढे त्याला बोट हाकता येईना. टॉवेलाखालून रंगाचा एक ओघळ कपाळावर उतरला आणि भुवईपाशी थांबला. बाई भल्या होत्या. त्यांनी यंत्र बंद करायला हळूच हात पुढे केला.

“कुठला शब्द म्हणालात?” जहागीरदारणीने पाठमोरीच विचारलं.

“ओदिलो.”

कंगवे थांबले. वाल्दोमिरोने डोळे मिटले आणि ‘एके’ची वाट पाहिली.

“तो होय,” जहागीरदारीण म्हणाली. “तो जुना. अर्थ मात्र तुम्ही चुकीचा छापलाय.”

आणि ती यंत्रासमोर येऊन बसली, गळ्यापाशी पदर असावा तसा टॉवेल सारखा करून. असे ओदिलो आपण पाहिलेत, म्हणाली. ओदिलोच्या हातात लाकडी पेटी असते. अंगाला वार्निशचा वास असतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो शीळ घालतो, आणि रुमालात उंबूची फळं बांधून आणतो, कारण वर कुणालातरी ती आवडतात. नुसता बोटीने जातो तो ओदिलो नव्हे. तसे तर सगळेच जातात.

“मग?” बाई म्हणाल्या.

“आज बोट चुकवतो, असं दर वेळी म्हणतो, तो ओदिलो.”

“आणि चुकवत नाही?”

“एकदा चुकवली.” जहागीरदारीण नखांकडे पाहत होती. “तो दिवस मला आठवतो. त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. नळाला पाणी नव्हतं.”

वाल्दोमिरोला दाराला लटकवलेला तो पुठ्ठा आठवला, पाणी नाही असं लिहिलेला. खाली ड्रायरचा आवाज नाही, गिऱ्हाईक नाही, कुणाचे कान नाहीत. काय नशीब, असं म्हणून दोघं किती हसले होते. ओदिलोंने किती वेळ आंघोळ केली होती. कॉफी दोनदा झाली होती. इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं, की वरच्या मजल्याचं पाणी खालच्याच नळावरून चढतं.

बाईंनी मान डोलावली. पुरेसं होतं. एवढंच, त्या म्हणाल्या, उच्चार नीट टिपायचाय. काका, एकदा म्हणून दाखवता?

वाल्दोमिरोने जहागीरदारणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“ओदिलों,” तो म्हणाला.

“शेवटी नाकातला सूर आहे? छापलाय त्यात नाही.”

“छापणाऱ्यांची चूक,” जहागीरदारीण म्हणाली. “पुन्हा घे गं. हे यंत्र बहिरं असतं.”

त्याने पुन्हा घेतलं. बाईंचं बोट यंत्रावर गरजेपेक्षा थोडं जास्त रेंगाळलं. त्या काहीतरी विचारणार होत्या. मग त्यांनी पिशवी उचलली, दोघांच्या गालांना गाल लावले आणि उन्हात निघून गेल्या.

छतावरच्या मासोळ्या आता खिडकीकडे सरकल्या होत्या. पलीकडून बोट सुटल्याचा भोंगा आला.

“चल, मान मागे,” जहागीरदारीण म्हणाली. “रंग वाळून चालला.”

तिने नळ पूर्ण सोडला आणि तसाच सोडून ठेवला. पाण्याचा आवाज मोठा असला, की माणूस काय म्हणतोय ते बाहेर ऐकू जात नाही.