सुरगाठ

गांडुळाला हात लावणार नाही, या अटीवर लेक तळ्यावर आली होती. म्हणून शिवणबाईंनी दुकानातला चिमटा सोबत घेतला. आता लेक त्या चिमट्यात गांडूळ धरून, ते आपल्याकडे रागानं बघतंय का, असं विचारत होती.

शिवणबाई हे आईला गल्लीनं दिलेलं नाव आणि टकळी हे लेकीला. बारा वर्षांची ती पोर झोपेतही बोलायची. शिवणबाई आठवडाभर मशीनपुढे मान मोडून बसत आणि सुट्टीच्या सकाळी गळ घेऊन तळं गाठत. हे वेड त्यांना वडिलांनी लावलं होतं. वडील गेल्यापासून त्या एकट्याच यायच्या, कारण नवऱ्याला मासे फक्त ताटात आवडत. लेकीला तरी गोडी लागावी असं त्यांना फार वाटे. पण मैत्रिणी तिला सुट्टीच्या सकाळी नाचाच्या वर्गाला बोलावत होत्या. आज कंटाळा आला तर पुढच्या सुट्टीपासून ती तिकडे जाणार, असं मायलेकींचं ठरलं होतं.

आणि कंटाळा यायची चिन्हं दिसत होती. टकळीनं शाळेतल्या सगळ्यांच्या चहाड्या करून झाल्या, दोनदा पाणी पिऊन झालं, उन्हाला नावं ठेवून झाली. मग एकदम म्हणाली, "माझा गळ मीच बांधते. गाठी मला तुझ्याहून भराभर येतात."

शिवणबाईंना कोण आनंद झाला. तिनं आपणहून काहीतरी मागितलं होतं. उगाच चुका काढायला नकोत म्हणून त्यांनी गाठ तपासलीसुद्धा नाही.

जरा वेळानं तिच्या दोरीवरचं तरंगतं बूच बुडालं ते वर आलंच नाही. काठी वाकली. टकळीची बोलती बंद झाली. ती टाचा रोवून मागं रेलली, आणि पाण्यातून एक रुंद, चकचकीत पाठ वर येऊन वळली. शिवणबाई जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या. तेवढ्यात दोरी सैल पडली.

दोरीचं टोक हाती आलं ते कुठंही न तुटलेलं, गुळगुळीत. शिवणबाईंनी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला देतात तेव्हा कच्ची शिलाई करतात, आणि एका ओढीत सुटावी म्हणून तिच्या शेवटी सुरगाठ मारतात. लेकीनं गळाला तीच मारली होती. दुकानात बसवून बसवून शिकवली होती त्यांनीच.

"चूक माझी गं. मीच बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

टकळीची हनुवटी थरथरत होती. आता रडणार, काठी फेकणार आणि पुढच्या सुट्टीपासून नाच, असं शिवणबाई धरूनच चालल्या.

टकळी पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तो अजून तिथंच असेल ना?"

हा प्रश्न मासे धरणाऱ्यालाच पडतो. बाकीच्यांना घर आठवतं. शिवणबाईंना एकदम हसू आलं आणि डोळेही भरले. या क्षणी आपले बाबा हवे होते, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"तिथंच असेल," त्या म्हणाल्या, "पण आता शहाणा झालाय."

मग त्यांनी नवा गळ काढून पक्की गाठ दाखवली. दोरी ओली करायची, तिचे तिच्याच भोवती वेढे द्यायचे, टोक आतून काढून हळूहळू आवळायचं. टकळीनं ती बांधली, जोर लावून ओढून पाहिली, पुन्हा बांधली. चिमटा बाजूला ठेवून बोटांनीच गांडूळ ओवलं आणि सावलीतल्या सपाट दगडावर जाऊन बसली. ती शिवणबाईंची जागा. तिथं एकालाच बसता येई.

शिवणबाईंनी आपली दोरी गुंडाळून ठेवली. ओला पदर पिळला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तळ्याकडे पाठ करून, लेकीच्या तोंडाकडे बघत गवतावर बसल्या.