होळीतून वाचलेली पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे मित्रांनो, कशेळ्याच्या बाजारातल्या साडीच्या दुकानाची. जाड प्लास्टिकची, वर चाप-बटण. माझ्या पोटातून आनंदीबाईंची हिरवी साडी घरी आली, तेव्हा माझा तोरा काय सांगू! पण साडी गेली कपाटात आणि माझ्यात आले दवाखान्याचे कागद. मी रुसलेच होते. मग दवाखान्यात निघताना आनंदीबाई आधी मलाच काखेत मारू लागल्या, तेव्हा रुसवा गेला.

आनंदीबाईंना थायरॉइडचा त्रास होता. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. एकदा रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्यांचे यजमान मालोजी हरखून गेले. त्यांच्या घरात एक रीत होती. दुखणं गेलं की त्याचे कागद शिमग्याला होळीत टाकायचे, म्हणजे ते परत येत नाही.

"नॉर्मल आला ना? मग गोळी बंद," मालोजी म्हणाले. "आनि ह्ये कागद होळीला."

मी बटण घट्ट धरून ठेवलं, पण माझं कोण ऐकणार? शिमग्याला त्यांनी मला होळीवर उलटं करून झटकलं. प्लास्टिक जळलं की घाण वास सुटतो, म्हणून तेवढी मी वाचले.

पावसाळा सरता सरता आनंदीबाई बदलल्या. तोंड सुजलं, भर दुपारी त्या गोधडी मागू लागल्या. एका सकाळी हाक मारली तर त्यांनी नीट ओ दिली नाही. मालोजींनी जीप थांबवली आणि सवयीने मलाही उचललं.

"डोळं उघड गं," असं ते कर्जतपर्यंत म्हणत होते. मी त्यांच्या मुठीत चुरगळत होते.

दवाखान्यात डॉक्टर सुचेताताईंनी नाडी धरली. नाडी फार मंद होती. "जुने रिपोर्ट आहेत? गोळी किती पॉवरची होती? हृदयाचा काही त्रास?"

"छातीला मशीन लावलं व्हतं एकदा. काय निघालं ते नाय आठवत," मालोजी पुटपुटले. "कागद मीच जाळलं."

तरीही सुचेताताईंनी मला उघडलं. मला रडू येत होतं, कारण मी रिकामी होते. डॉक्टरांनी आत हात घातला. खालच्या कोपऱ्यात ओलीने चिकटलेला एक कागद होता, मलाही त्याचा विसर पडला होता. त्यांनी तो अलगद सोडवला. हृदयाचा आलेख होता तो.

"यांचं हृदय आधीच नाजूक आहे. औषध एकदम जास्त दिलं असतं तर झेपलं नसतं. थोड्यापासून सुरू करू."

रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात टीएसएचचा आकडा खूप वाढलेला.

"पन ते बरं झालं व्हतं ना?" मालोजींनी विचारलं.

"बाबा, गळ्यातली ग्रंथी सुस्तावली की मेंदू तिला काम कर म्हणून हाका मारतो. टीएसएचचा आकडा म्हणजे त्या हाका. गोळीने काम भागत होतं, म्हणून हाका कमी झाल्या. दुखणं गेलं नव्हतं."



आनंदीबाई हळूहळू सावरल्या. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी पिशवी असेल. तिच्यातले कागद तारखेप्रमाणे लावा, आणि नॉर्मल शब्द वाचून परस्पर गोळी बंद करू नका. जाळलेला कागद मला परत देता येत नाही.

पुढच्या शिमग्याला रिपोर्ट पुन्हा नॉर्मल आला. होळी पेटली होती आणि मालोजी मला घेऊन अंगणात उभे राहिले. मी पुन्हा बटण घट्ट धरलं.

"अवो, टाकता का काय ते?" आनंदीबाईंनी विचारलं.

"नाय गं." त्यांनी नवा कागद माझ्यात सरकवला, बटण लावलं आणि मला आनंदीबाईंच्या काखेत दिलं. "सकाळी गोळी घ्यायची हाय."

मग त्यांनी होळीत नारळ तेवढा टाकला.