खांबाजवळची खोली

"मॅडम, हयसर लावा. हो खांब भूकंपात पण हलूचो नाय!"

आमचे हे, म्हणजे गुणाजी, गच्चीतल्या खांबावर थापा मारत सांगत होते. सोसायटीचे पंप चालवण्यात जन्म गेला, पण शिकलेल्यांना सल्ले द्यायची हौस काही फिटली नाही.

खांब आमच्या खोलीला खेटूनच होता. खोली म्हणजे मुलुंडच्या त्या सातमजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, चार भिंती आणि वर पत्रा. लग्न होऊन मी तिथेच आले, पोरीचं बाळंतपणही तिथेच केलं.

इंजिनिअर श्रुतिका मॅडमनी खांब हलवून पाहिला. "काका, हे यंत्र उपग्रहांचं ऐकतं. मुंबईपासून कोकणापर्यंत अशी यंत्रं बसवतोय. मग जमीन मोजणाऱ्याला जागा बोटभरही न चुकता कळेल."

त्या गेल्यावर हे माझ्या कानाशी लागले. "वनमाला, मशीन राखूक माणूस लागतलो. आता आमका हयसून कोण काढता?"

आमची खोली सेक्रेटरी श्यामसुंदरांच्या डोळ्यांत कधीची सलत होती, म्हणून हा सगळा खटाटोप. मी म्हटलं, "तुमच्या तोंडात साखर पडो."

यंत्र बसलं. उपड्या घातलेल्या पातेल्यासारखं, पांढरंफेक. हे रोज ते पुसायचे, कबुतरं हाकलायचे. पोरीला कधी एवढं जपलं नाही.

पंधरवड्याने मॅडम परत आल्या, सेक्रेटरीला घेऊन. "काका, तुमचा पत्रा नडतोय. सिग्नल त्याच्यावर आपटून यंत्रात शिरतो, आकडे चुकतात."

"मग मशीन सरकवा ना," मी म्हटलं.

"मशीन कशाला? खोलीच काढू," सेक्रेटरी म्हणाले. ह्यांनीच दाखवलेला खांब! आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "आम्हाला चालेल," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मेल्यांनी पत्रे उतरवायला मजूरसुद्धा आणले नाहीत. आमच्या ह्यांनाच लावलं. आणि हे उतरवतायत, खाली कुणाला लागू नये म्हणून एकेक पत्रा दोरीने बांधून! वाटलं, त्यातलाच एक घ्यावा आणि सेक्रेटरीच्या टाळक्यात हाणावा.

"आता झकास," पुन्हा वर आलेल्या मॅडम लॅपटॉपमध्ये बघून म्हणाल्या.

हे लगेच पुढे सरसावले. "मी रोज येऊन पुसान, मॅडम. कबुतरां घाण करतत."

"नको काका, ते आपोआप चालतं. उलट जवळ कोणी फिरकायचंच नाही."

सेक्रेटरींनी हात पुढे केला. "गच्चीची किल्ली द्या, गुणाजी. खाली पंपाच्या खोलीत झोपा हवं तर. एकटे हां, बाईमाणूस नको तिथे."

किल्ली ह्यांच्या कमरेच्या करगोट्यात होती. घामाने आवळलेली जुनी गाठ. ह्यांनी नखांनी ओढून पाहिली, गाठ काही सुटेना.

"आटपा लवकर."

जित्या माणसाचा करगोटा तोडत नाहीत. मी सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले आणि दातांनी तोडला.