मुक्काम सी ड्राइव्ह, मोताळा

थांबा, थांबा! ते बोट जरा बटणावरून उचला. दोन मिनिटं ऐकून घ्या, मग खुशाल पुसा मला. मी विंडोज डॉट ओल्ड बोलतोय. आडनावातच 'ओल्ड' आहे, तेव्हा या घरात मला किती मान असेल ते तुम्हीच समजा.

कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली, की जुनीचं सगळं सामानसुमान ज्या फोल्डरात कोंबून ठेवतात, तो मी. लोकांना मी दिसतो तो फक्त जागा अडवणारा म्हणून. चौतीस जीबी! मान्य, पोट जरा सुटलंय माझं. पण त्या पोटात काय आहे, हे विचारायची तसदी कोणी घेईल तर शपथ.

परवापरवापर्यंत मी 'ओल्ड' नव्हतो हो. मोताळ्याच्या बसस्टँडजवळ एका दुकानात सात वर्षं माझंच राज्य होतं. दुकान नवराबायकोचं. डाव्या अंगाला मतीनभाई मोबाइल दुरुस्त करतात, उजव्या अंगाला आसमाभाभी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवतात. अर्ध्या तालुक्यात कोणाचा मामा कोणाच्या काकाच्या वर छापायचा, हे त्या काकांपेक्षा भाभींना जास्त पाठ.

बाई कामाची वाघीण, पण एक खोड भारी. जी फाइल केली ती डेस्कटॉपवर, म्हणजे माझ्याच सी ड्राइव्हमध्ये. 'पत्रिका फायनल', 'पत्रिका फायनल दोन', 'आता खरंच फायनल'. मागं लेकीचा फोटो लावलेला, त्यातला फक्त उजवा कान दिसायचा. मतीनभाई सात वर्षं सांगत होते, "काम डी ड्राइव्हमधी ठेवत जाय." भाभी सात वर्षं "हाव" म्हणत होत्या.

मग करिष्माची पत्रिका आली, आणि माझ्या आयुष्यातलं खरं महाभारत सुरू झालं.

करिष्मा ही निवृत्तीभाऊंची धाकटी लेक. थोरलीच्या लग्नात निवृत्तीभाऊंच्या मोठ्या भावाचं, भागवतभाऊंचं नाव पत्रिकेत अकराव्या ओळीत गेलं होतं. भागवतभाऊ लग्नाला आले नाहीत. तेव्हापासून भावाच्या घरचा चहासुद्धा बंद. या खेपेला निवृत्तीभाऊंनी हातापाया पडून फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "पत्रिका छापून येऊ दे. पाह्यतो मंग, याचं का नाई ते."

म्हणजे सगळं पत्रिकेवर आलं. पहिला नमुना घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला, तर संध्याकाळपर्यंत चाळीस हरकती! शेवटी या दोघा भावांची आई, मनकर्णाबाई, स्वतः दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण आवाज असा की मी दोनदा हँग झालो.

"आता एकही कागद दुकानाबाहीर जायचा नाई," त्या म्हणाल्या. "छापल्यावरच साऱ्याईले दिसंल. अन् पोरी, हे नावं एकाखाली एक काऊन लिवतं तू? गोल लिव. भाकरीसारखे. भाकरीले पयली बाजू असते का?"

भाभी आधी हसल्या, मग कामाला लागल्या. एकवीस नावं, गोल. पण गोलातसुद्धा कोण कोणाच्या शेजारी हा प्रश्न होताच. बोलणं बंद असलेले दोघं शेजारी नकोत, व्याही मामाला पाठ करून नको. मनकर्णाबाई सांगायच्या, भाभी नावं फिरवायच्या. दोन दिवस! फाइलीला नाव दिलं, 'करिष्मा गोल हात लावू नये'. ठेवली कुठं? डेस्कटॉपवर. अख्ख्या जगात तिची तेवढी एकच प्रत.

दुसऱ्या दिवशी भाभी बहिणीच्या लग्नासाठी माहेरी, जळगाव जामोदला गेल्या. आल्यावर छापायचं ठरलं होतं. इकडं मतीनभाईंच्या मनात आलं, बायकोला खूश करावं. पेन ड्राइव्ह लावला आणि माझ्या डोक्यावरच नवी सिस्टीम टाकून दिली. फॉरमॅट केलं नाही, हे माझं नशीब. डी ड्राइव्ह जसाच्या तसा आहे बघून गडी निश्चिंत झाला. आणि मी, डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइली कवटाळून, या अडगळीत येऊन पडलो. आमच्यात अशा जुन्यांना दहा दिवसांची मुदत असते. नवं आवडलं नाही तर परत फिरता यावं म्हणून. त्यानंतर आम्हाला कोणी न सांगताच काढून टाकतात.

नवव्या दिवशी सकाळी भाभी परतणार होत्या. त्या यायच्या आत मतीनभाईंनी साफसफाई काढली. सी ड्राइव्हची जागा दाखवणारी पट्टी भरून लालभडक झालेली. त्यांनी मला पाहिलं. "अबे, हे जुनं काऊन बसलं अजून?" म्हणत थेट डिलीट दाबलं. परवानगी नाही! पुन्हा दाबलं. परवानगी नाही! मी मनात म्हटलं, दाबा भाई, असा हातानं उपटून निघणारा नाही मी.

पण माणूस चिकाटीचा. मोबाइलवर शोधून त्यांनी रीतसर वाट काढली. सेटिंग्ज, त्यात सिस्टीम, त्यात स्टोरेज, त्यात टेंपररी फाइल्स. म्हणजे तात्पुरत्या! सात वर्षं राबलो आणि नाव कुठं, तर तात्पुरत्यांच्या यादीत. फार लागलं हो मला ते. त्यांनी 'मागची सिस्टीम' या ओळीवर, म्हणजे माझ्यावरच, टिक केली. ओरडावं म्हटलं, तर आम्हाला कुठला आवाज? तितक्यात भाभी दारात, आणि त्यांच्या मागोमाग निवृत्तीभाऊ आईला घेऊन हजर.

"पाह्य, कसा चकाचक केला!" मतीनभाईंनी सेटिंग्जची खिडकी खाली करून डेस्कटॉप दाखवला.

"अय्या! लेकीचं पूर्ण तोंड दिसून राह्यलं!" भाभी हरखल्या. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "या अल्ला! माह्या फाइली कुठं हायेत?"

"डी मधी हायेत ना."

"डी मधी मी कधी ठेवल्या?"

निवृत्तीभाऊ मटकन बाकड्यावर बसले. "म्हंजे गोल गेला? मायले तरी साऱ्याईच्या जागा कुठं आठवतात आता? आता पुन्हा इचारलं, तर पुन्हा चाळीस हरकती. दादा काई येत नाई आता. दुसऱ्या पोरीच्या लग्नातही माहा भाऊ नसंल." बोलता बोलता गडी रडकुंडीला आला.

मनकर्णाबाईंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण घर बदलणं त्यांना कळतं. त्या मतीनभाईंना म्हणाल्या, "बापू, घर सोडताना माणूस दिवळीत, कोनाड्यात हात घालून पाह्यते. चुलीमांगं पाह्यते, जात्याखाली पाह्यते. मंग कुलूप देते. तुवं हे जुनं घर उभं हाय का पाडलं?"

"उभं हाय आजी. आत्ता पाडूनच राह्यलो होतो."

"मंग थांब ना बापा! आंधी हात घाल."

मी तर त्या बाईचे पायच धरले असते, पाय कुठं असतात ते माहीत असतं तर.

भाभींनी मला उघडलं. मी विचारलं, परवानगी आहे का? सवयच ना. त्यांनी 'कंटिन्यू' ठोकलं. मग यूजर्स, मग आसमा, मग डेस्कटॉप. दोनशे बारा फाइली, एकही हललेली नाही. आणि मधोमध 'करिष्मा गोल हात लावू नये'.

भाभींनी आधी ती डी ड्राइव्हमध्ये टाकली, मग पेन ड्राइव्हवर, आणि मगच श्वास सोडला. मोठ्यानं एकेक नाव वाचलं. एकवीस झाली आणि त्या थांबल्या.

"आजी, याच्यात तुमचं नाव नाई."

"माहं कशाले? मी जुनी झाली आता. जुन्याचं नाव कोन छापते?"

खरं सांगतो, माझे चौतीसच्या चौतीस जीबी गलबलले. दोन दिवस सगळ्यांना जागा देता देता बाई स्वतःला विसरली होती, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. भाभींनी गोलाच्या मधोमध असलेलं कलशाचं चित्र उचलून वर ठेवलं आणि त्याच्या जागी टाइप केलं, 'मनकर्णाबाई'.

"आता मोजा निवृत्तीभाऊ," त्या म्हणाल्या. "आजीपासून सारे सारखेच जवळ."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग तोच पदर खोचत म्हणाल्या, "छाप लवकर. नाई तर मीच हरकत घेईन."

पत्रिका छापल्या. आज दहावा दिवस. तासाभरापूर्वी एक उंच, मिशीवाले गृहस्थ दुकानात आले. भागवतभाऊ! पत्रिका हातात घेतली आणि नाव शोधत गोल गोल फिरवली. आपलं नाव वर आल्यावर हात थांबला. मग बोट मधोमध गेलं आणि तिथंच राहिलं.

"मायचं नाव कोनं टाकलं?"

"मी," भाभी घाबरत म्हणाल्या.

भागवतभाऊंनी पत्रिका जपून खिशात ठेवली. "माह्या सासरवाडीले वाटाले पन्नास दे," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "शंभरच दे. अन् चाललो मी निवृत्तीकडं. च्या प्यायचा राह्यला हाय लय दिवसाचा."

झालं माझं काम. भाभींनी सकाळीच माझ्या कानाकोपऱ्यात हात घालून सगळं डी ड्राइव्हमध्ये नेलं. आता मी रिकामं घर आहे, पाडलं तरी दुःख नाही. मतीनभाईंनी पुन्हा रीतसर टिक केलीय. त्याच यादीतल्या डाउनलोड्सवर चुकून टिक नाही ना, हेही पाहिलं. शहाणे झाले. तुम्हीही जुन्यावर टिक मारण्याआधी एकदा दिवळीत हात घालून बघा, एवढंच मागणं आहे.

येतो मग. अरे, पण नव्या डेस्कटॉपवर ही कुठली फाइल आली? 'फ्लेक्स फायनल'? तिच्या खाली 'फ्लेक्स फायनल दोन'? लेकीचा डावा कान झाकला की हो! अहो भाभी, डी ड्राइव्ह! मतीनभाई, एक मिनिट, ते रिमूव्ह दाबू नका, आधी यांना सांगू द्या मला!