यांनी आत्ताच पूर्ण टोप मागवला

"टिंग वाजलं की समजायचं, अजून एक मासा गळाला लागला," साइटवाला म्हणाला. काका खूश होऊन हसले.

दुकानाच्या वेबसाइटवर कोपऱ्यातून एक चौकोन वर आला होता. त्यात एका बाईंचं नाव, आडनाव, राहण्याचा भाग आणि खाली ओळ: 'यांनी आत्ताच पूर्ण टोप मागवला.' त्यांचा टोप मागच्याच महिन्यात देऊन झाला होता, तरी चौकोन 'आत्ताच' म्हणत होता.

आमचं दुकान केसांच्या टोपांचं. आजारपणात केस गेलेल्या बायका येतात. आत्या जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवते. मी मोजलंय, एका चौरस सेंटिमीटरमध्ये चाळीस गाठी. एका टोपाला दीड महिना लागतो. काकांचं काम गल्ल्यावर बसून जांभया देणं.

आत्याने चष्मा वर केला. "अरे, हे नाव तिथं कशाला?"

"ताई, तुला त्यातलं कळत नाही. जाहिरात आहे ती."

"त्या बाईंना विचारलंस?"

"त्यांनी फॉर्म भरला ना? मग विचारल्यासारखंच की!"

मी म्हटलं, "फॉर्ममध्ये आडनाव आणि केस जाण्याचं कारण कशाला विचारता? टोपाला डोक्याचं माप लागतं."

"मॅडम, माहिती म्हणजे सोनं," साइटवाला म्हणाला. त्याने सहा आठवड्यांचा कोर्स केला होता आणि उरलेलं आयुष्य तो त्यावरच काढणार होता. काकांना तर गुप्तता म्हणजे आपली कमाई भावांना कळू न देणं, एवढंच ठाऊक.

पासवर्ड माझ्याकडे होता. तो चौकोन मी त्याच दिवशी काढू शकले असते. घरात वाद नको म्हणून आठ दिवस गप्प बसले. त्यामुळे त्या दोघांना नावं ठेवताना मी स्वतःला वगळत नाही.

नवव्या दिवशी त्या बाई आल्या. शाळेत गणित शिकवायच्या. उभ्या राहूनच बोलल्या.

"पोरांनी मोबाइलवर त्या चौकोनाचा फोटो काढून ठेवलाय. मी फळ्याकडे वळले की मागून कुणीतरी 'टिंग' म्हणतं."

त्यांनी दोन्ही हातांनी टोप उतरवला आणि काउंटरवर ठेवला. "राहू दे इथंच. आता कुणापासून झाकू?"

काका खुर्चीत सावरून बसले. "बाई, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही."

"पैसे मागितले का मी?" त्या म्हणाल्या आणि भर दुपारी तशाच बाहेर पडल्या.

आत्याने मला खूण केली. मी चौकोन काढला, फॉर्म काढला, साठलेली सगळी नावं पुसली. काका ओरडत होते, "अगं, गिऱ्हाईक कसं येणार?" आत्याने मान वळवली नाही.

"सगळं गेलं?"

"आपल्याकडचं गेलं. साइटवाल्याकडे प्रत असेल. त्याला पुसायला लावते."

"आणि पोरांच्या मोबाइलमधलं?"

"ते नाही पुसता येत, आत्या."

तिने मान हलवली. मग टोप उचलून आत नेला, कोमट पाण्यात धुतला, पंख्याखाली वाळवला. गुंता एकही केस न तोडता सोडवला आणि भांग डावीकडे पाडला, बाईंना लागायचा तसा.